नऊ नंबरची उडी

१

गुरुवारी सकाळी अकरा वाजता, चौदा माणसांच्या देखत, नऊ नंबरचा माउस पास झाला.

महिन्याभरापूर्वी मीच त्याला नापास केलं होतं. माझ्या सहीनिशी, आकड्यांसकट, छापील अंकात.

आमच्या कचेरीचं काम सांगायला सोपं आहे. कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांसाठी बाजारात जे माउस येतात ते आम्ही आणतो, मोजतो, एकमेकांशी ताडून बघतो आणि निकाल छापतो. मोजायचं काम माझं. म्हणून इथे मला सगळे ‘मापाडी’ म्हणतात.

माउसच्या पोटात एक सेन्सर असतो. तो खालच्या कापडाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि त्यावरून आपण किती सरकलो ते कॉम्प्युटरला कळवतो. हात फार जोरात फिरला की कच्चा सेन्सर गडबडतो आणि पडद्यावरचा नेम भलतीकडेच जातो. याला आम्ही ‘उडी’ म्हणतो. माझ्या खोलीत एक फिरती तबकडी आहे, तिच्यावर काळं कापड ताणून बसवलंय. माउस त्या कापडावर स्वतःच्या भारानं उभा राहतो. एक धातूचा दांडा त्याला फक्त जागचा हलू देत नाही. तबकडी किती वेगानं फिरते ते मला ठाऊक असतं, माउस काय म्हणतो ते पडद्यावर दिसतं. दोन्ही जुळलं तर रेघ सरळ. नाही जुळलं तर रेघ तुटते.

महिन्यापूर्वी सेकंदाला अडीच मीटरच्या पुढे नऊ नंबरची रेघ दर वेळी तुटली होती. मी दहा फेऱ्या घेतल्या होत्या.

गुरुवारी पाच घेतल्या. दोन, अडीच, तीन, साडेतीन, चार. रेघ दोरी ताणल्यासारखी सरळ.

तो माउस बनवणारा माणूस माझ्या शेजारीच उभा होता. पन्नाशीचा, शर्टाच्या खिशात पेचकस. त्याचा कारखाना म्हणजे तो, त्याची बहीण आणि सुट्या भागांची जुळणी करणाऱ्या तिघी बायका. आमचा अंक निघाल्यावर आठवड्याभरात दुकानदारांनी त्याचा सगळा माल परत पाठवला होता. त्यानं फेरतपासणी मागितली तेव्हा मीच हो म्हणाले होते. मला माझ्या आकड्यांची खात्री होती.

त्याची बहीण भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तो मात्र ओरडला नाही, काही नाही. एवढंच म्हणाला, “मग महिन्यापूर्वी काय झालं होतं, बाई?”



संपादकांनी खोलीभर नजर फिरवली आणि दाराशी उभ्या गोफण्याला विचारलं, “तू तीन दिवस वापरला होतास हा. कधी उडी जाणवली?”

गोफण्या आमच्याकडे हातानं चाचणी घेतो. एकेकाळचा मोठा खेळाडू. मनगट असं फिरायचं की प्रेक्षकांनीच त्याला हे नाव दिलं. गेली सहा वर्षं तो माझ्या शेजारच्या खोलीत बसतो.

“नाही, सर,” तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

“ज्याच्याइतका वेगात हात कुणाचा फिरत नाही त्याला उडी दिसली नाही,” संपादक सावकाश म्हणाले, “आणि तुमच्या वहीत मात्र दहाच्या दहा फेऱ्यांत आहे. सोमवारपर्यंत मला तुमचं पत्र हवंय. आकडे मनानं भरले, असं स्पष्ट लिहा.”

२

मी आत्याकडे राहते. आत्या तीस वर्षं वजनमापं खात्यात तपासनीस होती. बाजारपेठेत ती शिरली की दुकानदार आपापल्या तराजूंवर फडकी मारायला लागायचे, असं बाबा सांगायचे. कॉम्प्युटर तिला अजून नीट चालू करता येत नाही.

भरदुपारी मी घरी आलेली पाहून तिनं काही विचारलं नाही. पाणी दिलं आणि समोर बसली. मी सगळं सांगितलं.

“तू भरलेस का आकडे मनानं?”

“आत्या, तू पण?”

“मी प्रत्येकाला विचारायचे. तुला न विचारून कसं चालेल?”

“नाही भरले.”

“बरं. मग पुढचं सांग. माउस बदलला नसेल कशावरून?”

ते मी आधीच तपासलं होतं. मोजणी झाली की मी माउसच्या दोन कवचांच्या जोडावर पातळ कागदाची पट्टी चिकटवते आणि तिच्यावर आडवी सही करते. नऊ नंबरची पट्टी शाबूत होती, सहीची रेघ जोडावर केसभरही सरकलेली नव्हती. म्हणजे मोजला तो माउस आणि गुरुवारी पास झालेला माउस एकच. कुणी तो उघडलाही नव्हता.

“यंत्र?”

“तेच. मधल्या काळात त्याच्यावर दुसरे वीस माउस मोजले, सगळे ठीक.”

“कापड?”

“तेच.”

आत्या चष्मा काढून पदरानं पुसत राहिली.

“एक तेलवाला होता,” शेवटी ती म्हणाली. “त्याचं माप मी चारदा तपासलं. बरोबर. काटा बरोबर, पारडं बरोबर. तरी गिऱ्हाइकाला तेल कमी मिळायचं. मी पाचव्यांदा गेले तेव्हा पारड्याकडे बघितलंच नाही. पारडं ज्याच्यावर टेकतं, तिथे बघितलं. खाली मेणाचा डाग राहिला होता. आम्ही यायची कुणकुण लागली की मेण काढून टाकायचा.”

“इथे मेण कोण लावणार?”

“ते मला काय ठाऊक? उद्या मला तुझ्या कचेरीत घेऊन चल. तुझ्यावर खार खाऊन कोण आहे तिथे?”

मी दोन नावं सांगितली. गोफण्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं होतं, ते मात्र सांगावंसं वाटलं नाही.

३

शुक्रवारी संपादकांनी आत्याला बसायला खुर्ची दिली, हे मला बरं वाटलं. त्यांना प्रकरण कचेरीबाहेर जायला नको होतं.

“आमचं पटत नाही, हे खरंय,” ते म्हणाले. “निकालाचे शब्द जरा मऊ करा म्हटलं की ही ऐकत नाही. पण म्हणून मी तिच्या पायात पाय घालीन? माझ्या अंकाची अब्रू गेलीय, बाई. तिच्या एकटीची नाही.”

“मोजलेले माउस ठेवता त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते?”

“माझ्या टेबलाच्या खणात. पण खणाला कुलूप नाही.”

“म्हणजे कुणीही घेऊ शकतं.”

“कुणीही,” संपादक म्हणाले, आणि स्वतःचं बोलणं ऐकून थोडे ओशाळले.

फोटोवाली आत्याशी नीट बोलेल असं मला वाटलं नव्हतं. माझी जागा रिकामी झाली तेव्हा, आठ वर्षांपूर्वी, तिनंही अर्ज केला होता. त्यानंतर आम्ही ‘येते’ आणि ‘जाते’ यापलीकडे फारसं बोललेलो नाही.

“मला आनंद झालाय असं वाटतंय ना तुम्हाला?” तिनं दारातच विचारलं. “थोडा झाला, गुरुवारी. खोटं कशाला बोलू? मग घरी गेल्यावर वाटलं, ही बया पोस्टाच्या तिकिटाचंसुद्धा वजन करून लिहून ठेवते. ही आकडे मनानं भरेल?”

तिनं फोटो दाखवले. माल आला त्या दिवशी ती प्रत्येक माउसचे सहा फोटो काढते, एक तळाचा. नऊ नंबरच्या तळाला चार करड्या चकत्या होत्या. प्रत्येक माउसला असतात. त्यांच्यावर तो सरकतो. आम्ही त्यांना पाय म्हणतो.

“फोटोनंतर तो कुठे गेला?”

“गोफण्याकडे. तीन दिवस. मग हिच्याकडे.”

“त्यानं स्वतः नेऊन दिला?”

फोटोवालीनं आठवून पाहिलं. “नाही. त्या दिवशी सकाळी तो आलाच नव्हता. दुपारी आला. हिला मोजणीला उशीर होत होता, म्हणून त्याच्या टेबलावरचा ट्रे मीच उचलून हिच्या खोलीत ठेवला. का? काही चुकलं का?”

 आत्या तळाच्या फोटोकडे बघत होती.

“पोरी,” ती मला म्हणाली, “तो माउस माझ्या हातात दे. आणि त्या मुलानं त्याच्याबद्दल काय लिहिलंय तेही आण.”

४

गोफण्याच्या नोंदी मजेशीर असतात. आकडे नाहीत, फक्त हाताला काय वाटलं ते. तीन नंबरबद्दल त्यानं लिहिलं होतं, ‘ओल्या साबणासारखा निसटतो.’ सहाबद्दल, ‘चिखलातून गाडी ओढल्यासारखा.’ नऊबद्दल फक्त दोन ओळी: ‘बर्फावरून सरकावा तसा सरकतो. हात ठेवला की हात आपला राहत नाही, त्याचाच होतो.’

आत्यानं त्या अंकासाठी मोजलेले दहाही माउस ओळीनं मांडले. डोळे मिटून एकेक काळ्या कापडावरून फिरवला आणि मला नोंद वाचायला सांगितली. तीन नंबर खरंच निसटला. सहा नंबर खरंच ओढावा लागला.

नऊ नंबरवर ती थांबली. पुन्हा फिरवला. पुन्हा.

“वाच बघू परत.”

“बर्फावरून सरकावा तसा सरकतो.”

“हे बर्फ?” तिनं माउस माझ्याकडे सरकवला. “तू बघ.”

मी फिरवला. मी माउस मोजते, पण खेळत नाही. यंत्राला लावताना उचलायचा आणि ठेवायचा एवढाच माझा संबंध. नऊ नंबर कापडाला धरून चालत होता. वाईट नाही, पण बर्फ मुळीच नाही.

तेवढ्यात गोफण्या आत आला. हातात चहाचे तीन कप ठेवलेला ट्रे, तो छातीशी धरलेला. “आत्या, तुमच्यासाठी बिनसाखरेचा,” तो म्हणाला आणि डाव्या हातानं कप पुढे केला. माझ्याकडे बघून त्यानं हसायचा प्रयत्न केला. “मापाडी, तू जेवतेस ना नीट?”

“गुरुवारी तू म्हणालास, उडी जाणवली नाही,” आत्यानं विचारलं.

“नाही जाणवली.”

“जोरात फिरवून बघितला होतास?”

“फिरवला असेन.”

“असेन?”

“फिरवला होता, आत्या.” त्यानं कप खाली ठेवला. “मी निघतो. काम आहे.”

तो गेल्यावर आत्या बराच वेळ दाराकडे बघत राहिली. मला राग आला.

“आत्या, तो नाही. सहा वर्षं ओळखते मी त्याला. माझ्या वडिलांच्या आजारपणात हॉस्पिटलात रात्रंदिवस बसला होता तो. माझं वाईट करून त्याला काय मिळणार?”

“मी कुठे म्हटलं त्यानं तुझं वाईट केलं?” ती म्हणाली. “इथे माल आल्यावर वजन कोण करतं?”

“कोठीत करतात. आणि मोजणीच्या आधी मी करते, माझ्या काट्यावर.”

“दोन्ही वह्या आण.”

५

वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. आत्या बोटानं ओळी धरून वाचत गेली. एक नंबर: कोठीच्या काट्यावर जेवढा, माझ्या काट्यावर तेवढाच. दोन: एक दशांश ग्रॅमचा फरक. तीन: फरक नाही. चार, पाच, सहा, सात, आठ, कुठेही एक दशांशापलीकडे फरक नाही.

नऊ: कोठीत एकसष्ट ग्रॅम दोन दशांश. माझ्या वहीत एकसष्ट ग्रॅम नऊ दशांश.

दहा: फरक नाही.

 ते अक्षर माझंच होतं. कोठीची वही रोज माझ्या टेबलावर येते. मी वजन केलं होतं, लिहिलं होतं आणि दोन आकडे शेजारी ठेवून एकदाही वाचले नव्हते.

“आता कर,” आत्या म्हणाली.

मी नऊ नंबर काट्यावर ठेवला. सहीच्या पट्टीचा भार वजा केला. एकसष्ट, दोन.

“काटे दोन आहेत म्हणून फरक आला असता तर तो सगळ्यांच्या वजनात आला असता,” ती म्हणाली. “एकट्याच्याच आलाय. म्हणजे काट्याचा दोष नाही. तू मोजलास तेव्हा या माउसला सात दशांश ग्रॅमचं काहीतरी जास्त चिकटलेलं होतं, आणि आता नाही. आत असतं तर कागद फाटला असता. मग ते बाहेर होतं. वरून दिसलं नाही तुला. म्हणजे कुठे?”

मी माउस उलटा केला.

आत्यानं पिशवीतून पातळ कागदाचा कपटा काढला, एका करड्या पायावर दाबला आणि बोट उचललं. कपटा पडला नाही. लोंबत राहिला.

“पाय माउसला चिकटवायला आतल्या बाजूनं गोंद असतो, समजू शकते. बाहेरच्या बाजूला गोंद कशाला?”

कोणीतरी पायांवर पाय चिकटवले होते.

माझ्या खणात झिजलेले पाय बदलायला नवे संच असतात, पांढरे, काचेसारखे गुळगुळीत. हातचाचणीच्या खोलीतही असतात. मी एक संच काट्यावर टाकला. सात दशांश. चारही चकत्या नऊ नंबरच्या पायांवर दाबून बसवल्या. माउस जेमतेम नखाच्या जाडीएवढा उंच झाला. पण सेन्सर कापडापासून ठरावीक अंतरावरूनच बघू शकतो. अंतर वाढलं की सावकाश हालचाल त्याला दिसते, वेगातली निसटते.

मी तबकडी सुरू केली. एक मीटर, सरळ. दोन मीटर, सरळ.

अडीचच्या पुढे रेघ तुटली. महिन्यापूर्वी तुटली होती तिथेच.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. आत्यानं माउस परत कापडावर ठेवला आणि माझा हात धरून त्याच्यावर ठेवला. मी तो सरकवला. तो बर्फावरून गेला.

६

शनिवारी कचेरी अर्धा दिवस असते. आम्ही दोघी गोफण्याच्या खोलीत गेलो तेव्हा तो जायच्या तयारीत होता. आत्यानं दार लोटून घेतलं आणि नऊ नंबर, पांढऱ्या पायांसकट, त्याच्यासमोर ठेवला.

त्यानं तो उलटा करून बघितलासुद्धा नाही.

“मी सांगते, चुकलं तर थांबव,” आत्या म्हणाली. तिचा आवाज वसुलीचा नव्हता, दुखणाइताशी बोलावं तसा होता. “हे पाय तुझ्याकडे माउस आल्यानंतर लागले. त्याआधीच्या फोटोत नाहीत. तू परत करायच्या आधी लागले, कारण तू लिहिलंस तो बर्फ या पायांचा आहे, मूळच्या पायांचा नाही. तुझ्यानंतर कुणी लावले असते तर तुझ्या नोंदीत बर्फ आला नसता. बरोबर?”

त्यानं मान खाली घातली.

“पण हे पाय असले की जोरात फिरवल्याबरोबर उडी बसते. काल आम्ही यंत्रावर बघितली. तीन दिवसांत तुला ती एकदाही जाणवली नाही. सगळ्यांनी त्याचा अर्थ लावला की माझी भाची खोटी. मला दुसरा अर्थ दिसला. तू तीन दिवसांत एकदाही जोरात फिरवला नाहीस. तू, ज्याचं नाव गोफण्या.” आत्या थांबली. “डॉक्टर काय म्हणतात?”

त्यानं उजवा हात टेबलावर ठेवला आणि डाव्या हातानं मनगट धरलं. मी सहा वर्षं त्या माणसाच्या शेजारी बसले आणि त्यानं कप, दार, किल्ली, सगळं डाव्या हातानं धरायला कधी सुरुवात केली, ते मला आठवेना.

“नस दबलीय,” तो म्हणाला. “वर्ष झालं. दहा मिनिटं माउस धरला की कोपरापर्यंत आग होते. शस्त्रक्रिया केली तरी पहिल्यासारखा होईल असं कुणी सांगत नाही.” मग माझ्याकडे वळला. “कुणाला सांगणार? हात गेला तर हातचाचणी कसली? मी दुसरं काय करतो?”

“आणि नऊ नंबर?”

“तो हलका होता. आकारही असा, की मुठीत धरावा लागत नाही. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मी सलग सहा तास खेळलो, आणि हात फारसा दुखला नाही. वाटलं, अजून जरा सरकता झाला तर दुखणारच नाही. म्हणून पाय लावले. परत करताना काढणार होतो. त्या दिवशी सकाळी दवाखान्यात गर्दी होती. आलो तर ट्रे टेबलावर नव्हता.”

“मग लगेच का नाही सांगितलंस?”

“तू मोजत होतीस. मला वाटलं पायांनी काय फरक पडतो? अंक छापून आला तेव्हा कळलं. आणि तेव्हा...” तो अडखळला. “मग फेरतपासणी ठरली. मी आदल्या दिवशी किल्ली घेतली आणि पाय काढले. वाटलं, माउस पास होईल, त्या माणसाला न्याय मिळेल, तुम्ही म्हणाल यंत्र बिघडलं होतं. कुणाचं काही जाणार नाही.”

“माझं गेलं,” मी म्हणाले.

“सरांनी मला विचारलं तेव्हा मला कळलं.”

“आणि तू नाही म्हणालास.”

“मी खरं तेच बोललो. उडी जाणवली नव्हती.”

मी इतकी वर्षं आकड्यांत घालवली, पण खरं बोलून एखाद्याला बुडवता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मला त्याला मारावंसं वाटलं. आणि त्याच वेळी त्याचं ते लाल झालेलं मनगट माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

“तू माझ्या वडिलांपाशी बसला होतास,” मी म्हणाले. एवढंच निघालं तोंडातून.

तो रडला नाही. खाली बघत म्हणाला, “सोमवारी मीच सांगतो. तू नको येऊस.”

७

मी गेले. संपादकांनी त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं, मग खिडकीशी जाऊन उभे राहिले.

“यंत्रातील तात्पुरत्या बिघाडामुळे,” ते म्हणाले. “असं छापू. माउस निर्दोष, दिलगिरी, विषय संपला. याची नोकरी राहील, तुमची राहील, अंकाची अब्रूही.”

गोफण्यानं माझ्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली नाही, विनवणी केली नाही. मला आयुष्यात कधीच इतकं एकटं वाटलं नव्हतं.

“यंत्र बिघडलं नव्हतं,” मी म्हणाले. “यंत्रानं बरोबर सांगितलं. मी दोन वजनं शेजारी ठेवून वाचली असती तर हे सगळं माझ्या टेबलावरच थांबलं असतं. तेही छापायचंय. माझ्या नावानं.”

“मला माझ्या नावानं लिहू द्या,” गोफण्या म्हणाला.

त्या अंकात दोन कबुल्या छापून आल्या. त्याची चार ओळींची, माझी सहा. तो महिनाअखेरीस गेला. मी त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेले. फोटोवालीनं त्याची खुर्ची तिथून हलवली, कारण मला ती बघवत नव्हती. मी न सांगता तिला ते कसं कळलं, कोण जाणे.

अंक छापायला जाण्याआधीच मी त्या दोन कबुल्यांचं कच्चं मुद्रित घेऊन माउसवाल्याच्या कारखान्यात गेले होते. पोस्टानं पाठवणं मला बरं वाटेना. दोन खोल्या, लांब टेबल, टेबलाला पाच स्टुलं. तिघींची स्टुलं टेबलाखाली सरकवलेली. बहीण आत होती. माझा आवाज ऐकूनही ती बाहेर आली नाही.

त्यानं कागद उभ्यानंच वाचला. दोनदा.

“त्या तिघी दुसरीकडे लागल्या,” तो म्हणाला. “एक जण आली असती परत, पण आता तिला तिथेच सोयीचं पडतं. दुकानदार म्हणतात, लोकांच्या डोक्यात बसलंय ते बसलंय.”

“मला क्षमा मागायची आहे,” मी म्हणाले.

“मागा. मी नाही म्हणत नाही. पण त्याचं काय करायचं ते मला आज ठाऊक नाही.”

मी मान हलवली. निघायला वळले तर त्यानं मागून विचारलं, “ज्याचा हात गेलाय म्हणता, तो किती वेळ खेळला याच्यावर?”

“तीन दिवस. त्यात एकदा सलग सहा तास.”

“एरवी किती वेळ धरता येतो त्याला?”

“दहा मिनिटं.”

तो स्टुलावर बसला. खिशातला पेचकस काढून टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला.

“आमच्या वडिलांचे हात असेच गेले होते,” तो म्हणाला. “शिवणयंत्रावर. मुठीत धरावा लागू नये असा आकार काढायला मला चार वर्षं लागली. त्याबद्दल तुमच्या अंकात एक ओळ नव्हती.”

“ते आमच्याकडे मोजत नाहीत.”

“हो. मोजणार कसं?” त्यानं पेचकस परत खिशात ठेवला. “सहा तासांत दुखला का हात?”

“फारसा नाही, म्हणाला.”

“हे मला लिहून द्याल?”

मी त्या टेबलाशी, रिकाम्या स्टुलांपैकी एक ओढून बसले आणि लिहायला घेतलं. आतल्या खोलीतून त्याची बहीण बाहेर आली, माझ्याकडे न बघता तिनं दिवा लावला आणि मी काय लिहितेय ते वाचायला भावाच्या मागे उभी राहिली.